कुसाआजी निसटली

ज्योत्स्नाच्या पिशवीत एक पुस्तक होतं आणि ते तिनं मजूर बायांच्या साऱ्या टोळीपासून लपवलं होतं. तसं त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. शाळकरी पोरांसाठी लिहिलेली कादंबरी, ‘पुलाखालचं शहर’, भाग दुसरा. सुट्टीच्या दिवशी बाकीच्या बाया सायखेड्याच्या बाजारात गेल्या आणि ही एकटी बस पकडून नाशिकला जाऊन ते घेऊन आली. तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

ज्योत्स्ना पेठ तालुक्यातली. बारावी झालेली. दिवाळीनंतर गावाकडच्या बायांबरोबर द्राक्षांच्या कामाला येते. मळ्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं आणि दिवसभर मांडवाखाली माना वर करून दाट घडातले मणी बारीक कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेले चांगले फुगतात. मोबाईलवरची गाणी तरी किती ऐकणार? म्हणून गेल्या हंगामात तिनं हात चालवता चालवता पहिला भाग सांगायला घेतला. नाशिकच्या द्वारका चौकातल्या उड्डाणपुलाच्या एका खांबाला दार आहे, आत दुसरंच नाशिक आहे, निकिता नावाची पोरगी त्यात शिरते. दाराशी कुसाआजी बसलेली असते, कमरेला किल्ली लावून. बायांना निकिताचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांचा सगळा जीव त्या म्हातारीत. मुकादम गोटीरामसुद्धा शेजारच्या ओळीत उगाच रेंगाळायचा आणि वर ‘गप्पा कमी करा’ म्हणायचा.

घोळ झाला तो शेवटाला. पुस्तकात कुसाआजी मरते. आणि नेमकी त्याच सुमाराला पुतळाबाईची थोरली बहीण वारली. पुतळाबाई म्हणजे टोळीतली सगळ्यात वयस्क बाई. सगळं आटोपून ती गावाहून परत आली, कात्री हातात घेतली आणि पहिलं विचारलं, “त्या म्हातारीचं काय झालं गं?”

“निसटली, मावशी. काय नाय झालं तिला,” ज्योत्स्नाच्या तोंडून निघून गेलं. समोरच्या बाईला बरं वाटावं म्हणून मारलेली थाप. कादंबरीचा दुसरा भाग निघणार आणि ती थाप आपल्याच गळ्यात येणार, हे अशा वेळी कुणाला सुचतं?

दुसरा भाग पहिल्या पानापासूनच अडवत होता. कुसाआजी गेली, किल्ली सापडेना, दार बंद. आतली माणसं आत, निकिता बाहेर. पुस्तक मात्र असं भन्नाट की ज्योत्स्ना चुलीपुढं वाचायला बसली की भाकरी करपायची. निकिताला दुसरी वाट सापडायची, सापडली म्हणेपर्यंत हातची जायची, आणि प्रकरण तिथंच संपायचं. ज्योत्स्ना मधेच उठून बाहेर जायची, पाणी प्यायची, पुन्हा येऊन बसायची. एवढं भारी काही वाचायचं आणि सांगायचं कुणालाच नाही, हे तिला सोसत नव्हतं. आजीला जिवंत ठेवून सांगून बघावं, असंही तिनं मनात घोळवलं. पण आजी असली तर दार उघडंच राहणार, मग निकिता शोधणार काय? आणि खरं सांगावं, तर पुतळाबाईला पुन्हा कुणाचं तरी जाणं सोसावं लागणार, तेही ज्योत्स्नाच्या तोंडून.

“आला का गं दुसरा भाग?” बाया रोज विचारायच्या.

“नाय आला अजून,” ती म्हणायची, आणि कात्री चालवत राहायची.

एके दुपारी ती अशीच कात्री चालवत राहिली. गोटीराम मागं येऊन उभा राहिला. “हा घड हाय का नुसता देठ? काय ठेवलंस त्याला?”

ज्योत्स्नानं वर पाहिलं. घडाला चार-दोन मणी लोंबत होते. तिचा धीर सुटला. “मावशी, मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “कुसाआजी मागल्याच भागात मेली. दुसरा भाग माझ्या पिशवीत हाय. त्यात ती नाय.”

ओळीतल्या सगळ्या कात्र्या थांबल्या. पुतळाबाईची तेवढी चालू होती.

“तुझ्या पुस्तकात मेली आसंल,” ती म्हणाली. “आमच्या पाड्यावर नाय मेली.”

गेला उन्हाळाभर पुतळाबाई पाड्यावरच्या पोरांना गोष्ट पुढं सांगत होती. पोरं रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर जमायची. ज्योत्स्नाचा पाडा वेगळा, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“मग कुठं हाय ती?” तिनं विचारलं.

“कुठं म्हणजे? निसटली, तूच म्हणालीस ना? निसटल्यावर बाई जाती कुठं? बहिणीकडं आली. माझ्या घरात हाय. चुलीपुढं बसून नागली निवडती. माझ्यावर ओरडती पण, पहिल्यासारखीच.”

ज्योत्स्नाला रडू आवरेना. कामावर साडीवरून घातलेल्या सदऱ्याच्या बाहीनं तिनं डोळे पुसले आणि त्यातही तिची चुळबुळ थांबली नव्हती. “पण मावशी, किल्ली?”

“तिच्याच कमरेला.”

“तिकडं दार बंद पडलंय. माणसं आत अडकलीत. लहान पोरं पण हायेत.”

पुतळाबाईनं पहिल्यांदा कात्री खाली घेतली.

“माझी पोरंबी तेच म्हणतात, आजीला परत जाऊ दे, दार कोण उघडंल,” ती म्हणाली. “मी अजून जाऊ दिली नाय.”

एव्हाना शेजारच्या ओळीत जाऊन रेंगाळणारा गोटीराम म्हणाला, “जाऊ द्या की तिला, मावशी. पोरं हायेत आत.”

पुतळाबाईनं पुढचा घड हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला.

“एवढा हंगाम राहू दे,” ती म्हणाली. “मग धाडते.”