यंत्राला नसलेली बरगडी

सदर इसम वय बावन्न, उंची मध्यम, बांधा किरकोळ. व्यवसाय: वेल्डिंग मशीन ऑपरेटर, अग्निशामक नळकांडी विभाग. अनुभव एकोणतीस वर्षे. ओळखीची खूण: डाव्या मनगटावर ठिणग्यांचे जुने डाग. प्रकृती समाधानकारक. सदर पदावर यंत्र येण्याची संभाव्यता एकसष्ट टक्के. शेरा: निरंक.

हा मजकूर कारखान्याने बाहेरून करवून घेतलेल्या पाहणी अहवालाच्या चौदाव्या पानावर आहे. एकसष्ट टक्के यंत्र येणार म्हणजे नेमकं किती येणार, हे अहवालात स्पष्ट केलेलं नव्हतं. कमरेपर्यंत येत असेल, असं सदर इसमाच्या मेहुण्याचं मत पडलं. मेहुणा त्याच विभागात तपासनीस होता. तयार नळकांडं हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवायचं आणि बुडबुडे येतात का ते पाहायचं, हे त्याचं काम. दिवसभर पाण्यात पाहणाऱ्या माणसाला मतं पुष्कळ असतात.

सदर इसमाला कारखान्यात रेघोबा म्हणत. त्याची वेल्डिंगची शिवण फूटपट्टी लावून ओढल्यासारखी सरळ येई. गेल्या वर्षभरात मात्र त्याच्या उजव्या हाताचं काहीतरी बिनसलं होतं. काम करताना नाही. काम थांबलं की. घास तोंडात जाईपर्यंत हात ठीक असे. जेवण संपून तो मांडीवर आला, की अंगठा आणि तर्जनी न दिसणारी गोळी वळत बसत. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं होतं. ते बायकोला माहीत होतं आणि मेहुण्याला. कारखान्याला कळलं असतं, तर निवृत्तीच्या सहा वर्षं आधी रेघोबा घरी बसला असता.

आता वेल्डिंगमध्ये एक अडचणीची जागा असते. शिवण संपली की गन लगेच उचलायची नाही. क्षणभर तिथेच धरायची, म्हणजे वितळलेल्या धातूत टोकाला पडणारा खड्डा भरतो. नाही भरला, तर टाकीत नेमके तिथून बुडबुडे येतात. हा क्षण थांबण्याचा, आणि रेघोबाचा हात थरथरायचा तो थांबतानाच. त्यावर त्याने तोड काढली होती. श्वास रोखायचा, कोपर बरगडीला दाबायचं आणि खांदा भिंतीकडे वळवायचा, म्हणजे साहेबांच्या काचेच्या केबिनमधून फक्त पाठ दिसते.

मग यंत्र आलं. पिवळा, माणसाहून थोडा लांब असा एकच हात, जमिनीत बोल्टने आवळलेला. सोबत एक तरुण इंजिनिअर बाई आली. तिने रेघोबाचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत पट्ट्यांनी त्या पिवळ्या हाताला बांधला.

"काका, तुम्ही फक्त नेहमीसारखं काम करा. लहान मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेतो ना, तसं."

"आणि विसरलं तर?"

"ते विसरत नाही."

"मग ते लहान मूल नाही," रेघोबा म्हणाला, आणि कामाला लागला.

अकरा दिवस गिरवणं चाललं. बाराव्या दिवशी पट्टे सोडले आणि यंत्राने एकट्याने पहिलं नळकांडं घेतलं. शिवण सरळ आली. शेवटाला यंत्र थांबलं. एक श्वास रोखायला लागतो तेवढंच थांबलं. मग त्याने आपलं कोपर आत ओढून हवेत एका ठिकाणी घट्ट धरलं, जिथे बरगडी असायला हवी होती. खांदा सावकाश भिंतीकडे वळला. आणि गनचं टोक थरथरू लागलं.

"दाजी," मेहुणा टाकीपाशी उभ्या उभ्या हळूच म्हणाला, "यंत्र साहेबांना पाठ दाखवतंय."

"नवीन आहे. बुजत असेल."

पहिले दोन दिवस सगळे हसले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी बाक उचलून खांबाच्या पलीकडे नेलं आणि बाकीचे मुकाट्याने त्याच्यामागून गेले. यंत्र दर चार मिनिटांनी भिंतीकडे वळत होतं. भिंतीवर काही नव्हतं. मेहुण्याने मुद्दाम जाऊन पाहिलं.

इंजिनिअर बाई हुशार होती. तिने थरथर खोडून टाकली. दुसऱ्या दिवशी मेहुण्याच्या टाकीत शंभरातली नऊ नळकांडी बुडबुडली, सगळी शेवटच्या ठिपक्याशी. तिने थरथर परत घातली. बुडबुडे थांबले. थरथरीने वितळलेलं लोखंड खड्ड्यात चहूबाजूंनी नीट पसरत होतं. एवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती प्रामाणिकही होती. तिने साहेबांसमोर विचारलं, "काका, हे तुम्ही मुद्दाम करता का?"

"मुद्दाम," रेघोबा म्हणाला.

"मग उद्या करून दाखवा. आम्हाला लिहून ठेवायचंय," साहेब म्हणाले.

संध्याकाळी बायको म्हणाली, "सांगून टाका खरं काय ते."

"खरं सांगितलं तर आजार. नाही सांगितलं तर कारागिरी."

खाटेच्या कडेवर त्याचा उजवा हात आपल्याच नादात गोळी वळत होता. बायकोने त्या हाताकडे बोट दाखवलं. "मग ह्यालाही सांगून ठेवा," ती म्हणाली, "उद्या कारागिरी कर म्हणून."

सकाळी साहेब, इंजिनिअर बाई आणि मेहुणा त्याच्याभोवती उभे राहिले. रेघोबाने मुखवटा खाली ओढला आणि शिवण घातली. शेवटाला तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हात थरथरायला हवा होता, आणि हात दगडासारखा स्थिर राहिला. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं: मुद्दाम लक्ष देऊन काही करायला गेलं, की हात शहाणा होतो. रेघोबा त्याला मनातल्या मनात शिव्या घालत राहिला, आणि त्या नादात खड्डा नीट भरायचा राहिला. शेजारी पिवळ्या हाताने आपलं नळकांडं संपवलं, कोपर आत घेतलं आणि अगदी रेघोबासारखी थरथर केली.

"पुन्हा," साहेब म्हणाले.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तिन्ही नळकांडी टाकीत गेली आणि तिन्हींतून बुडबुडे आले. मेहुण्याने पाण्यातून मान वर काढली नाही.

"असू दे काका, दमला असाल," बाई म्हणाली. "बसा."

रेघोबा बसला. परीक्षा संपली म्हणून मुखवटा वर केला, उजवा हात शेजारच्या पत्र्याच्या टेबलावर टेकवला. टेबलावर एक पाना पडलेला होता. काही क्षणांनी पाना वाजू लागला. बारीक, एकसारखा. पलीकडे यंत्र शिवणीच्या शेवटाला आलं होतं, आणि दोघांचा ताल एक होता.

बाईने आधी यंत्राकडे पाहिलं, मग टेबलाकडे. साहेबांनी फक्त टेबलाकडे पाहिलं.

"दाजी, हात उचला," मेहुणा पुटपुटला. रेघोबाने हात उचलला नाही. व्हायचा तेवढा उशीर झाला होता.

महिनाअखेरीस दोन आदेश निघाले. पहिल्यान्वये शिवणीअखेरच्या सदर हालचालीस 'अंत्यपूरक कंपन' असे नाव देऊन ती प्रमाणित करण्यात आली व नवीन पाच यंत्रांत जशीच्या तशी उतरवण्यात आली. दुसऱ्यान्वये सदर इसमास, हातास कंपन असल्याकारणाने, कामास अपात्र ठरवण्यात आले. दोन्हींवर एकाच दिवशीची तारीख आहे आणि सही एकाच पेनाची.

सहा यंत्रं आता एका रांगेत उभी असतात. दर चार मिनिटांनी सहा कोपरं आत जातात आणि सहा खांदे भिंतीकडे वळतात. मेहुण्याने टाकी फिरवून घेतली आहे, म्हणजे काम करताना त्याची पाठ त्यांच्याकडे येते. घरी गेल्यावर तो बहिणीला यातलं काही सांगत नाही.

रेघोबाच्या शर्टाची बटणं आता बायको लावून देते.