खाडीच्या बांधाची खांड पुढे पुढे का सरकते

मंडळी, आज सकाळी मला एक प्रश्न पडला आणि दुपारपर्यंत उत्तरही मिळालं. उत्तर काही बरं नाही.

मी राहते वरश्यात, माहेर गडबच्या खाडीकडचं. कालच्या उधाणात तिथला बांध फुटला आणि खारं पाणी काकीच्या भातशेतात शिरलं. आता काही वर्षं तरी तिथे भात होणार नाही. म्हणून आज सकाळीच काकीकडे आले.

गेल्या वर्षी बांध शेजाऱ्यांच्या शेतापाशी फुटला होता. त्याआधी त्यांच्याही पलीकडे. खांड, म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, अशी एकेक शेत पुढे का सरकते?

"खाडीच्या मनात येईल तिथं फुटतो गो," काकी म्हणाली.

मला पटेना. मी बांधावरून चालत गेले. पुढच्या शेतांसमोर खाडीच्या बाजूला तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, दाट रान होतं. काकीच्या शेतासमोर मात्र नुसते खुंट.

"इथली तिवरं कुठं गेली?"

"गेल्या साली शेजारची खांड बुजवायला तोडली. फांद्या घातल्याबिगर चिखल धरत नाय. लांबून कोण आणणार?"

म्हणजे लाटेचा जोर अडवणारी झाडं तोडून आपण एक खांड बुजवतो आणि शेजारी दुसरीची सोय करतो.

हे मी बोलले तेव्हा काकी कोयता घेऊन पुढच्या शेतासमोरच्या तिवरांकडे निघाली होती. ती थांबली.

"व्हय गो. पण मग आज बुजवू कशानं? सांजच्याला परत भरती हाय."

म्हणून मंडळी, तुम्हालाच विचारते. तुमच्याकडे खांडीत काय घालतात?