वारं पाठीला घेणारी आत्या

आमची बेंबळीची आत्या कुणाशी बोलायला उभी राहिली की आधी वारा कुठून येतोय ते बघायची आणि त्याच्याकडे पाठ करायची. मग समोरच्याच्या डोळ्यांत धूळ गेली तरी बेहत्तर. खळ्यावर तीन पायांच्या उंच तिवईवर चढून तीस वर्षं ज्वारी उफणलेली बाई ती; भुसा तोंडावर घ्यायचा नाही, हे अंगात मुरलेलं. मळणीयंत्र आलं, तिवई कोपऱ्यात गेली, सवय मात्र गेली नाही.

दुसरी खोड प्रश्न विचारायची. साठी उलटल्यावर तिला कोकणात समुद्र दाखवायला नेलं, तर पहिल्याच दिवशी मला धरलं. "ही लाट निघती तरी कुठनं?" मी वारा, खोल समुद्र असं काहीबाही सांगितलं. "तू बघितलंस व्हय?"

किनाऱ्यावर एक सर्फिंग शिकवणारा फळ्या मांडून रिकामा बसला होता. "आजी, इथं लाटा जेमतेम गुडघाभर. शिकणारे सगळे पलीकडच्या किनाऱ्याला जातात."

"माझी तिवई ह्याच्यापरीस उंच व्हती," आत्या म्हणाली आणि कासोटा खोचला.

दोन दिवस ती फळीवरून नुसती पडत होती. कोपर सोललं, नाकातोंडात पाणी गेलं. मी नको म्हणालो तर रुसली. "एकदा उभी ऱ्हाते, मग चल म्हन." तिसऱ्या दिवशी दुपारी आमची परतीची गाडी होती. सकाळी तिने चिमूटभर कोरडी वाळू हवेत सोडली, वारा जमिनीकडून आहे हे पाहिलं आणि पाण्यात शिरली.

लाट आली, शिकवणाऱ्याने फळी ढकलली. आत्या उठली आणि सवयीने वाऱ्याला पाठ देऊन, म्हणजे चक्क समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. "आजी, उलट्या उभ्या आहात, इकडे फिरा," तो ओरडत राहिला. चार-पाच हात ती तशीच पाठमोरी आली आणि बदकन बसली.

मी हसत हात दिला. "आत्या, किनारा इकडं होता की."

"किनारा कुठं पळून चाललाय? लाट कुठनं येती ते बघायचं व्हतं."

"मग दिसलं?"

"न्हाय. तिच्या मागं आनखी एक व्हती."

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. तिवई मी धाराशिवला फ्लॅटवर आणली. परवा पंखा पुसायला तिच्यावर चढलो, खिडकीतून वारा आला आणि नकळत त्याच्याकडे पाठ केली. समोर भिंत. तिच्या पलीकडे राहणाऱ्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं. आत्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं. तिची फार आठवण आली. मी खाली उतरलो आणि शेजारचं दार वाजवलं.