ढाणकीच्या भिंतीवरचं बत्तीघर

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. त्यानंतर एक-दोन वर्षांत ढाणकीच्या शाळेत शिकवायला माझ्या हाती जे पुस्तक आलं, त्यात दीपगृहाचा धडा होता. समुद्र मीही पाहिला नव्हता. मुलांना पैनगंगेचा पूर तेवढा माहीत. दीपगृह सगळ्यात आधी कोणी बांधलं, असं कुणी विचारलं की मी पुढची ओळ वाचायला घ्यायची.

बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक चाचा होते. तरुणपणी ते कोकणात एका बंदरावर कामाला होते. तिथल्या बत्तीघराला, म्हणजे दीपगृहालाच, त्यांनी दोराला लोंबकळून चुना दिला होता. मी विचारताच म्हणाले, "बाई, शाळेची भिंत द्या. सारा इतिहासच काढून देतो."

त्यांनी तीन चित्रं आखली. पहिल्यात किनाऱ्याच्या टेकडीवर लाकडांचा जाळ. दुसऱ्यात जुन्या बुरुजावर काचेच्या पेटीत तेलाचा दिवा. "तरी एक गलबत खडकावर फुटलं, मानसं गेली. मंग दगडी मनोरा बांधला. तिथल्या बत्तीवाल्यानं सांगतलं मले." मी चित्रांखाली ओळी लिहीत होते.

तिसऱ्या चित्रात मनोरा कलला. मला वाटलं, मुद्दाम असेल. मग चाचांनी पांढऱ्याऐवजी शेजारच्या पिवळ्या डब्यात कुंचला बुडवला आणि एक मुलगी हसली. ते थांबले. "बाजूचं दिसून नाही राह्यलं, बाई. लई दिवसापासून."

चाचीला घेऊन मी त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही."

"अन् राह्यलेली?" चाचीनं विचारलं.

"थेंब टाका," ते म्हणाले आणि पुढच्या रोग्याचा कागद ओढला.

थेंबांनी काही झालं नाही; राहिलेली नजरही गेली. मनोऱ्याचा माथा राहिलाच होता. एकदा ते चाचीचा हात धरून शाळेत आले. "तुमी काढा, मी सांगतो." गोल सज्जा, वर काचेची खोली, आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकाला एक लागून भिंगं. मी खडू फिरवला; मडकं झालं. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा मडकंच.

"नाही जमत, चाचा."

"जमन. काहून नाही जमनार?"

नाहीच जमलं. शेवटी हेडमास्तरांनी उमरखेडहून दुसरा पेंटर आणला. त्यानंही बत्तीघर कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं मनोऱ्यावर देवळाचा कळस चढवला.

"बरोबर काढलं का त्यानं?" चाचांनी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "त्याले नका सांगू, बाई. मेहनत केली त्यानं."

पुढल्या वर्षीच्या मुलांनी दीपगृहाचं चित्र म्हणून वहीत कळसच काढला. काहींनी तर फार सुबक काढला होता. लाल पेन्सिल हातात धरून मी बसून राहिले. एकाही वहीवर ती मला फिरवता आली नाही.