सभागृहातले हसू
आयोडीनचा वास आला की कर्जतचे ते नेत्रतज्ज्ञांचे संमेलन आठवते. संघटनेचा अध्यक्ष म्हणून मी नव्या यंत्राने मोतीबिंदू काढत होतो आणि शेजारच्या सभागृहात सहकारी ते पडद्यावर पाहत होते. "हा मोतीबिंदू फार कडक आहे, नवख्याच्या हातून इथे डोळा जातो," मी माइकवर समजावले. टेबलावरच्या पेशंट, खालापूरच्या एक आजी, जाग्याच होत्या; त्यांचा केवळ डोळा बधिर केलेला होता. कापडाखालून त्या म्हणाल्या, "माजा जानार हाय का रं बाबा? मंग मला बी सांग की." सभागृहातले हसू स्पीकरवरून त्यांनाही ऐकू गेले. डोळा वाचला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना त्यांनी विचारले, "काल हसले ते कोन?" "डॉक्टर होते, आजी." "समदे?" आजही कोणी 'अध्यक्ष महोदय' म्हटले की माझी मान खाली जाते.