डिंगोऱ्याचा नारळ

सोपानदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आणे गावच्या पठारावर एका लग्नाचा मांडव घालत होतो. फोनवर त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एवढंच म्हणाल्या, "मॅनेजर, दादा गेलं." दादांचा तमाशाचा फड सोडून मला कितीतरी वर्षं झाली होती, तरी त्या घरात मी मॅनेजरच होतो. मी माणसांवर उगाच खेकसलो, खांब काढून पुन्हा रोवायला लावले... आणि मग गाडी काढली.

मी मूळचा पिंपरी पेंढारचा. एसटी स्टँडवर कपबशा विसळणाऱ्या मला दादांनी नव्वदच्या सुमाराला तमाशाच्या फडात घेतलं, कारण चहावाल्याशी पगारावरून घातलेला माझा वाद त्यांनी ऐकला होता. "तुला भांडता येतंय, आता आमच्यासाठी भांड," म्हणाले. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात सगळ्या फडांच्या राहुट्या लागत. गावोगावच्या यात्रा कमिट्या खेळ ठरवायला येत, आणि आमच्या राहुटीत त्यांच्याशी घासाघीस करायला मी बसे. सौदा तुटेपर्यंत ताणायचा, मग दादांनी हसत पान पुढे करायचं, अशी आमची जोडी होती.

आमच्या फडाची एक रीत होती. खेळ ठरला की गाव नारळ द्यायचं. तो राहुटीच्या मधल्या खांबाला टांगायचा आणि खेळाच्या दिवशी त्या गावच्या देवापुढेच फोडायचा. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. डिंगोऱ्याचा नारळ दर वर्षी पहिला असे. त्यांच्या कमिटीचे महादूभाऊ तो स्वतः टांगायचे.

दोन हजार सालानंतर सरकारने लोककलेकडे लक्ष दिलं. फडांना अनुदान, तंबूसाठी मदत, पुण्यात महोत्सव. आमचा खेळाचा तंबू इतका विरला होता की आतून चांदण्या दिसत, त्यामुळे मीही खूश झालो. पण त्या वर्षी महोत्सवाची तारीख नेमकी डिंगोऱ्याच्या यात्रेवर आली. महोत्सवाच्या सरकारी साहेबांनी गोड बोलून सांगितलं, महोत्सवाला जो फड येईल त्याचा अनुदानाचा प्रस्ताव आधी जाईल. मी म्हटलं, मी साहेबांशी बोलतो, तारीख फिरवून आणतो, दोन दिवस द्या. दादांनी मला न विचारता होकार कळवून टाकला.

मी फार बोललो त्यांना. चारचौघांत बोललो. ते पान लावत राहिले आणि शेवटी म्हणाले, "लोकांनी जन्मभर फडवाला म्हणून हाक मारली, मॅनेजर. सरकार कलावंत म्हणतंय. एकदा जाऊ द्या की मला."

डिंगोऱ्याला निरोप पोचला तो यात्रेच्या आदल्या दिवशी. पुण्यात दादांना शाल मिळाली, खेळाला वेळ थोडा मिळाला. यात्रा आटोपल्यावर महादूभाऊ राहुटीत आले. मी शिव्या खायच्या तयारीने बसलो होतो, पण त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. खांबाकडे बघत उभे राहिले. मी नारळ काढायला उठलो, परत घ्या म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," ते म्हणाले. "देवाला पोचला न्हाई, आमी घरी कसा न्यायचा?"

एवढं बोलून ते पाण्याला न शिवता गेले. त्या क्षणी मला कळलं की हे आता मिटायचं नाही. माणूस भांडला की मला त्याच्याशी तोडगा काढता येतो. हा माणूस भांडलाच नाही.

पुढच्या पाडव्याला डिंगोऱ्याची माणसं आमच्यासमोरून शेजारच्या राहुटीत गेली. बाकीची गावं दारात यायची, खांबावरचा वाळलेला नारळ बघायची, आपसात काहीतरी बोलायची आणि पुढे सरकायची. मी दादांना म्हटलं, तो काढा तरी. ते म्हणाले, "शब्द मी मोडला, नारळ माझाच हाय. ऱ्हाऊ द्या." त्याच साली सरकारी मदतीतून नवा तंबू आला. लई देखणा तंबू. राहुटीमागे तो गुंडाळलेलाच पडून असे, आणि दुपारच्या वाऱ्यात नारळ खांबावर आपटत राही. मी फड सोडला. आजही म्हणतो, दादांनी मला विचारायला हवं होतं. ते दोन दिवस मला द्यायला हवे होते.

दशक्रियेनंतर वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. डिंगोऱ्याचा तोच नारळ तिथे खुंटीला होता. काळा पडलेला, सुकून हलका झालेला. "तुमीच घेतला व्हता, तुमीच पोचवा," त्या म्हणाल्या.

मी डिंगोऱ्याला गेलो. महादूभाऊ कधीच वारले होते. देवळाच्या ओट्यावर आताच्या कमिटीची पोरं बसली होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एकमेकांकडे बघितलं. एक जण अदबीने म्हणाला, "पावणं, आमच्याकडं आता ऑर्केस्ट्रा असतोय. कसला नारळ?"

देवळात जाऊन फोडता आला असता. पण ज्यांनी दिला त्यांच्यातलं कुणी समोर नसताना तो कुणाच्या वतीने फोडायचा? मी परत आलो, वहिनींच्या आतल्या खोलीत नारळ पुन्हा खुंटीला लावला. खिडकी उघडी होती. वारा आला, नारळ भिंतीवर आपटला, आतला सुटलेला खोबऱ्याचा गोटा खडखडला. दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी आत येऊन खिडकी लावून घेतली.