दिसलं तेवढंच

सुमित्रा घोरपडेला कोणी अडचण सांगितली आणि तिने त्यावर उपाय सांगितला नाही, असं अकरा वर्षांत मी एकदाच पाहिलं. त्या एका वेळेसाठी मी तिच्याशी पंधरा दिवस बोलले नव्हते.

आम्ही दोघी अमेरिकेत, हर्नडनला एकाच गल्लीत राहतो. ती, तिचा नवरा कुमार आणि सुट्टीत घरी येणारी कॉलेजातली लेक केया हे कोपऱ्यावरच्या घरात, आणि मी समोरच्या भाड्याच्या टाउनहाउसमध्ये एकटी. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे माझा स्वभाव कसा असेल ते वेगळं सांगायला नको. सुमित्राचं उलटं. तिला चूक दिसली की तिचा हात आधी दुरुस्तीकडे जातो. खोकला म्हटलं की ज्येष्ठमध, कुकरची शिट्टी होत नाही म्हटलं की रबर फ्रीजरमध्ये ठेव, बॉस छळतो म्हटलं की त्यावरही काहीतरी आहेच. आता हा काही तिचा एकटीचा दोष नाही. समोरच्याचं दुखणं नुसतं ऐकून घेणं आपल्या माणसांना जमतच नाही.

ती सिव्हिल इंजिनिअर आहे. कराडला शिकली, सांगलीला पाटबंधारे खात्यात सहा वर्षं ज्युनियर इंजिनिअर होती. कालव्याच्या कडेने स्कूटरवरून फिरायची आणि मुकादमांना दरडावायची, असं ती सांगते. मग लग्न झालं आणि कुमारच्या नोकरीमागे ती इथे आली. पहिली कित्येक वर्षं तिच्या व्हिसावर कामच करता येत नव्हतं. ग्रीन कार्ड आलं तेव्हा केया शाळेत होती, आणि तोवर सुमित्राला विचारणारं कोणी उरलं नव्हतं. एका माँटेसरीत ती मुलांना डबे उघडून द्यायची. इतक्या वर्षांत तिने कधी तक्रार केली नाही, याचाच मला फार राग यायचा.

हे सगळं बदललं ते डेनिसमुळे. डेनिस आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो. वय सत्तर, धंदा होम इन्स्पेक्टरचा. इथे घर घेण्याआधी लोक असा माणूस बोलावतात. तो छपरापासून बेसमेंटपर्यंत घर तपासतो आणि काय बिघडलंय त्याचा रिपोर्ट देतो. दोन वर्षांपूर्वी तो स्वतःच्याच घराच्या पन्हळीतला पाला काढत शिडीवर उभा होता. सुमित्रा खालून चालली होती. ती थांबली आणि त्याला म्हणाली, की तुमच्या पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशीच पडतंय, पाइप सहा फूट पुढे न्या. तीस वर्षं दुसऱ्यांची घरं तपासणारा तो माणूस शिडीवरून खाली उतरला, पाहून आला आणि म्हणाला, "बरोबर आहे. तुम्ही काय करता?"

"काही नाही," सुमित्रा म्हणाली.

हे तिने मला नंतर हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

डेनिसचे गुडघे गेले होते. त्याला शिडी चढवेना. तो सुमित्राला म्हणाला, "कोर्स कर, माझ्याबरोबर घरं बघायला ये, परीक्षा दे. लायसन्स मिळालं तर माझं सगळं काम तुझं." मुदत मात्र त्याने पक्की घातली होती. या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर तिच्याकडे लायसन्स नसेल, तर तो आपला धंदा एका मोठ्या कंपनीला देऊन फ्लोरिडाला मुलीकडे जाणार होता. त्या कंपनीला बावन्न वर्षांची, अनुभव नसलेली बाई नको होती. तसं त्यांनी डेनिसला सांगितलंही होतं. म्हणजे हे नाही जमलं तर पुन्हा डबे उघडत बसायचं.

सुमित्राने अभ्यासाला डायनिंग टेबल घेतलं. कुमार भला माणूस आहे, पण त्याच्या भलेपणाचा उपयोग शून्य. तो रोज म्हणायचा, "कशाला एवढी दगदग करतेस? आपल्याला काय कमी आहे?" आणि मग स्वतःचं ताट घेऊन सोफ्यावर जेवायचा. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी जाऊन तिचे प्रश्न घ्यायचे. सुरुवातीला तिला इथली घरंच पटायची नाहीत. भिंतीवर बोटाने टकटक करायची आणि म्हणायची, "हे काय घर आहे? हा खोका आहे गं." पण दोन-तीन महिन्यांत तिला लाकडाच्या घराची सगळी कुंडली तोंडपाठ झाली. डेनिसबरोबर ती माळ्यावर सरपटत जायची आणि केसांत इन्सुलेशनचे गुलाबी धागे घेऊन परत यायची. त्या दिवसांत ती दहा वर्षांनी लहान दिसायची.

सप्टेंबरात ती परीक्षेला बसली. चार तास, दोनशे प्रश्न. आणि नापास झाली.

शाळेपासून कधी नापास न झालेली बाई. गाडीतून उतरली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि कोणी सांगितलं नसताना पुरण घातलं. मी रिझल्टचा कागद मागून घेतला. स्ट्रक्चर, छप्पर, वायरिंग, प्लंबिंग, सगळीकडे उत्तम. एकाच भागात सपाटून मार खाल्ला होता. इन्स्पेक्टरने काय सांगायचं आणि कुठे थांबायचं, त्या भागात.

शनिवारी केया घरी आली होती. तिने सरावाच्या पुस्तकातला एक प्रश्न वाचला. माळ्यावर लाकडाला काळे डाग दिसतात, तर इन्स्पेक्टरने काय करावं? सुमित्राचं उत्तर होतं, हवा खेळती राहील अशी व्यवस्था सुचवावी. पुस्तकाचं उत्तर होतं, डाग दिसले असं लिहावं आणि त्यातल्या जाणकाराकडून तपासून घ्यायला सांगावं.

"आई, दे आर नॉट आस्किंग यू टू फिक्स इट," केया म्हणाली.

"अगं पण मला माहिती आहे ना काय करायचं ते! माहिती असून गप्प बसायचं? उद्या त्यांच्या पोराला दमा झाला म्हणजे?"

हाच प्रश्न तिने डेनिसलाही विचारला. तो म्हणाला, "तू त्या घरात तीन तास असतेस. भिंत उघडून बघत नाहीस. तू उपाय सांगितलास की ते तेवढंच करतात आणि निर्धास्त झोपतात. मागे काय आहे ते तुला दिसलेलं नसतं. तुला दिसलं तेवढंच तुझं. घर त्यांचं आहे."

तिला ते पटलं, पण पटणं आणि जमणं यात फार अंतर असतं. पुढची परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होती आणि नोव्हेंबरअखेर लायसन्स हवं तर ती शेवटचीच संधी होती. मग मी तिचा सराव घेऊ लागले. मुद्दाम म्हणायचे, "सुमित्रा, माझी पाठ दुखते आहे." ती ओठ आवळायची, पदर नसतानाही खांद्यापाशी काहीतरी चाचपायची, आणि दहा सेकंदांनी तिच्या तोंडून "ओव्याची पुरचुंडी" निघायचंच.

त्याच सुमारास मी घर घ्यायचं ठरवलं. घटस्फोटानंतर नऊ वर्षं मी भाडं भरत होते. पंधरा मिनिटांवर एक जुनं पण छान घर मिळालं. पूर्वेचं दार, मागे झाडं, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. मी पाहताक्षणीच त्यात मनाने राहायला गेले होते. इन्स्पेक्शनला मी अर्थातच डेनिसला बोलावलं. म्हणजे काम सुमित्रा करणार, डेनिस बघणार. माझा हिशेब साधा होता. सुमित्रा घरचीच आहे, ती मला आतली गोष्ट सांगेल.

तीन तासांनी मी तिला गॅरेजमध्ये गाठलं. डेनिस दाराशी उभा राहून वहीत काही लिहीत होता. मी मराठीत विचारलं, "काय गं, कसं आहे?"

"बेसमेंटच्या उत्तरेच्या भिंतीला आडवी भेग आहे. भिंत मधोमध पाऊण इंच आत आली आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घे."

"म्हणजे सीरियस आहे का?"

"तो बघून सांगेल."

"अगं, तू इंजिनिअरच आहेस ना? डेनिसला काय कळतंय आपण काय बोलतो ते. मला फक्त एवढं सांग, तू असतीस तर घेतलं असतंस का?"

सुमित्राचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिला उत्तर माहीत होतं. ते तिच्या तोंडाशी आलेलं मला दिसत होतं. भिंत कशाने आत आली, ती कशी धरायची, कुठला माणूस बोलवायचा, सगळं. तिने टॉर्च एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"ते मला विचारू नकोस, दीपा," ती म्हणाली आणि माझ्या शेजारून निघून गेली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. अकरा वर्षांची मैत्री. हिच्या पुस्तकातले प्रश्न घेऊन घेऊन माझा घसा बसला, आणि मला गरज पडली तेव्हा ही नियमाकडे बोट दाखवते? कुकरच्या रबरापासून माझ्या बॉसपर्यंत सगळ्यात नाक खुपसलं, आणि माझ्या जन्माच्या निर्णयाला हिची दातखीळ बसली? मी गाडीत बसले आणि घरी येईपर्यंत तिला मनसोक्त शिव्या दिल्या. त्या मंगळवारी गेले नाही. गुरुवारीही नाही. तिचा फोन आला, तो उचलला नाही.

राग होताच, पण घराचं काय करायचं हे कोणीतरी ठरवायला हवं होतं, आणि आता ते ठरवणारी मी एकटीच होते. इंजिनिअर बोलावला. त्याने भिंत मोजली, बाहेरची माती पाहिली, दुरुस्तीचे दोन मार्ग आणि दोन्हींतले धोके सांगितले. मी दोन दिवस कागद समोर घेऊन बसले. शेवटी घर सोडलं. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण मग लक्षात आलं, की सुमित्राने "घे" म्हटलं असतं तर मी घेतलं असतं, "नको" म्हटलं असतं तर सोडलं असतं, आणि दोन्ही वेळा पुढची वीस वर्षं तिला बोल लावत बसले असते. लग्न मी आईच्या सांगण्यावरून केलं आणि ते मोडलं वकिलाच्या. हा माझा पहिला निर्णय, जो कोणाच्या गळ्यात अडकवता येत नव्हता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सातला मी तिच्या दाराशी गाडी लावली. ती बाहेर आली, शेजारी बसली. सिग्नलपाशी म्हणाली, "रागावली आहेस?"

"होते."

"मला त्या दिवशी घरी आल्यावर उलटी झाली," ती म्हणाली. "तुला सांगितलं नाही म्हणून."

मी तिचा हात धरला, तेवढ्यात मागच्याने हॉर्न दिला.

ती पास झाली. कागद घेऊन पार्किंगमध्ये आली आणि गाडीच्या बॉनेटवर हात टेकून रडली. मीही रडले. कुमारला फोन केला, तर तो म्हणाला, "छान, जेवायला येताय ना?" नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लायसन्स आलं.

त्यानंतर चारच दिवसांनी मला दुसरं एक घर आवडलं. या वेळी इन्स्पेक्टर म्हणून सुमित्राचंच नाव होतं. डेनिस आला होता, पण नुसता सोबत म्हणून. घरामागे शिडी लावली होती आणि सुमित्रा छपरावर होती. पाठीला बॅग, पायांत जाड तळव्यांचे बूट, वाकून चिमणीच्या कडेचा पत्रा पाहत होती. थंडी बरीच होती. मी खाली डेनिसशेजारी उभी होते. मला छपराच्या एका कोपऱ्यात रंग वेगळा दिसला, म्हणून मी डेनिसला विचारलं, "तिथे काय झालंय? छप्पर बदलावं लागेल का?"

डेनिसने दोन्ही हातांनी शिडी धरली होती. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "इन्स्पेक्टर वर आहे. मी फक्त शिडी धरलीये."

मला माझी इतकी लाज वाटली. जिच्यासाठी मी कुमारला, त्या कंपनीला, सगळ्या जगाला नावं ठेवत होते, ती समोर छपरावर उभी होती, आणि माझा प्रश्न आपसूक गेला तो खाली उभ्या असलेल्या गोऱ्या म्हाताऱ्याकडे.

सुमित्राने ते ऐकलं असणार. मी दोन पावलं मागे सरले, ती नीट दिसेल अशी, मान वर केली आणि तोच प्रश्न तिला विचारला.